बदलती पोथी आणि पाठांतरी पुराणिक

पोथी सांगणाऱ्या पुराणिकांचे दोन प्रकार वाचकांच्या परिचयाचे असतील. एक शब्दाशब्दाला पोथीकडे पाहून सांगतो. त्याचें पुराण संथ चालतें, पण पोथींत जें असेल तेंच त्याच्या मुखांतून बाहेर पडतें. दुसऱ्याचें पाठांतर दांडगें. पोथी समोर असते ती केवळ शोभेसाठीं. त्याचें पुराण झरझर चालतें आणि श्रोत्यांस कौतुकही त्याचेंच अधिक. पण समजा, रात्रीं कोणा शास्त्र्यांनीं पोथींतील एका ओळीवर हरताळ लावून तेथें नवा पाठ लिहिला, तर सकाळीं पहिला पुराणिक नवा पाठ वाचील आणि दुसरा जुनाच म्हणत राहील. दोघांपैकीं चुकला कोण, हें कोणीही सांगेल. संगणकाच्या जगांत हाच प्रसंग नित्य उद्भवतो. मात्र तेथें चुकला कोण हें ठरविणें इतकें सोपें नसतें. तें कसें ठरवितात, हें सांगण्याचें आम्हीं या खेपेस योजिलें आहे.

ज्या घरांतील मुलगा किंवा सून संगणकाच्या व्यवसायांत आहे, त्या घरीं ‘एम्युलेटर’ हा शब्द जेवणाच्या पंगतींतही कानांवर आला असेल. प्रोसेसर हा संगणकाचा कारभारी. स्मृतींत ओळीनें मांडून ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक उचलावयाच्या व पार पाडावयाच्या, एवढेंच त्याचें काम. एम्युलेटर हें यंत्र नव्हे. तो स्वतः एक प्रोग्रॅमच असतो. पण एका जातीच्या प्रोसेसरवर बसून तो दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचें सोंग हुबेहूब वठवितो. पाणिनीय व्याकरणांत एकाच्या जागीं जो दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि ज्याच्या जागीं तो आला त्यास स्थानी. येथें आदेश म्हणजे हुकूम नव्हे, बदली आलेला. या आदेशानें सामान्यतः स्थानीप्रमाणेंच वागावें, असा व्याकरणाचा दंडक आहे. एम्युलेटर हा असाच एक आदेश होय. मूळ यंत्र केव्हांच मोडीत निघालें असलें, तरी त्यासाठीं लिहिलेल्या प्रोग्रॅमला आपला धनी बदलल्याची शंकाही येऊं नये, हें त्याचें कर्तव्य.

आतां, पोथी चालू असतांनाच ती बदलण्याचा उपद्व्याप कोण करतो, असें वाचक विचारतील. ही मुळांत खोडी नव्हे. आरंभीं ती गरज होती. १९४५ सालीं जॉन फॉन नॉयमन यांनीं लिहिलेल्या प्रसिद्ध मसुद्यांत आज्ञा आणि आंकडे एकाच स्मृतींत ठेवण्याची योजना होती. आज्ञाही आंकड्यांच्याच रूपानें राहूं लागल्यामुळें एका आज्ञेनें दुसरींत फेरफार करणें शक्य झालें. केंब्रिज येथील एडसॅक हें यंत्र मे १९४९ मध्यें चालूं लागलें. त्याच्यावर शंभर घरांतील शंभर आंकड्यांची बेरीज करावयाची, तर ‘अमुक घरांतील आंकडा मिळवा’ ही आज्ञा शंभर वेळां लिहिण्याऐवजीं एकदांच लिहीत, आणि दर फेरीस तिच्यांतील घराचा क्रमांक एकानें वाढवीत. नेहमीं लागणारें एखादें काम निराळें लिहून ठेवावें, कोठूनही तेथें जावें आणि काम संपतांच निघालों तेथें परत यावें, यासाठीं डेव्हिड व्हीलर यांनीं एक युक्ति काढली: त्या कामाच्या अखेरीस परतीची आज्ञा दर वेळीं नव्यानें लिहावयाची. पुढें यंत्रांत क्रमांक मोजण्याची निराळी सोय झाली व गरज ओसरली, पण संवय राहिली. लहान संगणकांवर जागा व वेळ वांचविण्यासाठीं, आपला प्रोग्रॅम उलगडून पाहणाऱ्यांस चकविण्यासाठीं, आणि आजच्या ब्राउझरांत तर संकेतस्थळाचें पान उघडतांच नव्या आज्ञा घडवून लगेच चालविण्यासाठीं, चालत्या पोथींत लेखन होतेंच.

एम्युलेटरही त्या दोन पुराणिकांसारखेच दोन प्रकारचे. पहिला दर आज्ञा दर वेळीं स्मृतींतून वाचतो, तिचा अर्थ लावतो व ती पार पाडतो. पोथी बदलली तर त्याला नवा पाठ आपोआप दिसतो, पण त्याची चाल फार मंद. म्हणून दुसरी रीत निघाली. आज्ञांचा एक तुकडा घ्यावा, आपल्या यंत्राच्या भाषेंत त्याचा अनुवाद करावा, तो जपून ठेवावा, आणि तोच तुकडा पुन्हां आला कीं मूळाकडे न पाहतां अनुवादच चालवावा. वेग यानें अनेक पटींनीं वाढतो. पण मूळ बदललें आणि अनुवाद तसाच राहिला, तर बदली आलेला जुनेंच म्हणत राहणार. क्यूएमू या सुविख्यात एम्युलेटरचे कर्ते फाब्रिस बेलार यांनीं २००५ सालच्या आपल्या निबंधांत यावरील उपाय सांगितला आहे. ज्या पानावरील आज्ञांचा अनुवाद झाला, त्या पानावर लिहिण्याची बंदी करून ठेवावयाची. कोणी लिहावयास गेला कीं बंदी मोडल्याची वर्दी येते. त्याबरोबर त्या पानाचे सारे अनुवाद रद्द करावयाचे आणि मग लिहूं द्यावयाचें. जणूं पाठांतरी पुराणिकानें पोथीला एक बारीक घंटा बांधून ठेवली. हरताळाची कुंचली लागली कीं ती वाजते.

घंटा बांधली खरी, पण ती वाजते कीं नाहीं याची परीक्षा कोणी घ्यावयाची आणि कशी? क्यूएमूबरोबर जो परीक्षा-प्रोग्रॅम मिळतो त्यांत याचा सुंदर नमुना आहे. अवघ्या सहा बाइटांचा एक तुकडा घेतलेला आहे. पहिली आज्ञा पांच बाइटांची, ‘१ हा आंकडा हातीं घे’. दुसरी एका बाइटाची, ‘परत फीर’. तुकडा चालविला कीं उत्तर येतें १. मग त्या १ च्या जागीं २ लिहून तो पुन्हां चालवावयाचा, मग ३, मग ४. उत्तर दर वेळीं बदललें पाहिजे.

वरवर पाहतां ही परीक्षा बालबोध वाटेल. पण तिच्यांतील क्रम वाचकांनीं लक्षांत घ्यावा. तुकडा प्रथम एकदां चालविला आहे, मग बदलला आहे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधीं बदलून मग पहिल्यांदाच चालविला, तर घंटा मुळींच न बांधणारा एम्युलेटरही उत्तीर्ण होईल. कारण त्याच्याजवळ जुनें असें कांहीं पाठ झालेलेंच नाहीं. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याला आधीं पाठांतर करूं द्यावें आणि मगच पाठ बदलावा. शाळेंत जन्म घालविलेल्या आम्हांस हें तत्त्व फार पटतें. घोकलेलें उत्तर आणि वाचून दिलेलें उत्तर यांतील भेद, पुस्तकांतील उदाहरणाचे आंकडे बदलल्यावांचून कळत नाहीं.

त्याच ठिकाणीं दुसरी, अधिक कठीण परीक्षाही आहे. तींत तुकडा स्वतःलाच बदलतो. आरंभीं एक आज्ञा पुढल्या एका आज्ञेंतील आंकडा पुसून नवा लिहिते, मध्यें कांहीं निष्क्रिय आज्ञा घातलेल्या, आणि लगेच ती बदललेली आज्ञा येते. येथें एम्युलेटर आपला अनुवाद चालवीत असतांनाच तो अनुवाद रद्द झाला. ज्या फांदीवर बसला तीच तोडली गेली. त्यानें तेथेंच थांबून, पुढला भाग नव्यानें अनुवादून, अचूक त्याच जागेपासून पुढें चालावयाचें. तुकडा संपेपर्यंत जुनाच अनुवाद रेटला, तर उत्तर चुकलें.

कसबी परीक्षक याहूनही अडचणीच्या जागा शोधतो. पान ४०९६ बाइटांचें असतें. एखादी आज्ञा एका पानाच्या शेवटीं सुरू होऊन दुसऱ्यावर संपते. तिचें शेपूट बदललें, तर घंटा दोन्ही पानांस बांधलेली आहे काय? स्मृतींतील एकाच जागेला दोन निरनिराळे पत्ते असूं शकतात. एका पत्त्यानें आज्ञा चालविली आणि दुसऱ्या पत्त्यानें बदलली, तर ओळख पटते काय? प्रोसेसरनें न लिहितां तबकडीनें परभारें स्मृतींत नवा मजकूर आणून ओतला, तर वर्दी मिळते काय? उलट बाजूही पाहावी लागते. आज्ञा आणि साधे आंकडे एकाच पानावर शेजारीं नांदत असले, तर आंकडा लिहिल्यागणिक सारे अनुवाद फेंकून देणारा एम्युलेटर बरोबर उत्तर देईल, पण गोगलगाईच्या चालीनें.

येथवर नवा पाठ म्हणणारा तो खरा, असेंच आपण धरून चाललों. आतां या विषयांतील खरी गोम सांगतों. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ सालचा आणि त्याचा धाकटा भाऊ ८०८८ हा १९७९ सालचा. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसींत हा धाकटाच होता. दोघेही पुढच्या आज्ञा आधींच आणून एका रांगेंत उभ्या करीत. थोरल्याची रांग सहा बाइटांची, धाकट्याची चारांची. जी आज्ञा रांगेंत येऊन उभी राहिली, ती मागाहून स्मृतींत बदलली तरी रांगेंतील प्रत जुनीच राही आणि तीच चाले. रांग भरण्यास पुरेसा अवधि देऊन, चारांच्या पलीकडचा पण सहांच्या आंतला बाइट बदलला, तर थोरला जुनी आज्ञा पाळी आणि धाकटा नवी. आपण कोणत्या यंत्रावर आहों हें ओळखण्यासाठीं प्रोग्रॅम लिहिणारे हीच युक्ति योजीत. आणखी गंमत अशी कीं, कोणी प्रोग्रॅम पायरी-पायरीनें थांबवून पाहूं लागला, तर दर थांब्याला रांग रिकामी होऊन नव्यानें भरे व नवी आज्ञा चाले. अर्थात् आपल्यावर पाळत आहे हेंही प्रोग्रॅमला कळे.

तेव्हां ८०८६ चें सोंग घेणाऱ्या एम्युलेटरनें अशा जागीं इमानानें नवा पाठ वाचून दाखविला, तर तो चुकला! तेथें जुनें म्हणणें हेंच बरोबर. उलट पेंटियमपासून पुढचे इंटेलचे प्रोसेसर रांगेंतील आज्ञेवर लेखन झालें हें स्वतः ओळखतात व रांग टाकून देतात; त्यांच्या बदली आलेल्यानें नवेंच म्हटलें पाहिजे. एआरएमसारख्या घराण्यांत आज्ञांची कॅश निराळी व आंकड्यांची निराळी असूं शकते, आणि आपण पोथी बदलली हें प्रोग्रॅमनें प्रोसेसरला स्पष्ट सांगावें असा नियम आहे. न सांगतां बदल केला, तर जुनें चालेल कीं नवें याची हमी खऱ्या यंत्राचीही नाहीं; तेथें परीक्षकानें एकाच उत्तराचा आग्रह धरणें हाच अन्याय. तात्पर्य, अपेक्षित उत्तर तर्कानें ठरवावयाचें नसून मूळ यंत्राला विचारून ठरवावयाचें असतें. तेंच परीक्षापत्र आधीं खऱ्या प्रोसेसरपुढें ठेवावें, त्याचीं उत्तरें टिपून घ्यावीं, आणि मग बदली आलेल्यास तपासावें.

इतका खटाटोप कशासाठीं, अशी शंका कोणास येईल. अमेरिकेंतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनें जानेवारी २०१५ मध्यें जुन्या डॉस-काळचे दोन हजारांहून अधिक खेळ सर्वांस घरबसल्या पाहतां येतील असे ठेवले. ते चालतात डॉसबॉक्स या एम्युलेटरच्या जिवावर. त्या डॉसबॉक्समध्यें प्रोसेसरचे जे प्रकार निवडतां येतात, त्यांत आज्ञांच्या रांगेची नक्कल मुद्दाम करणारा एक प्रकार आहे. कारण तिच्यावांचून चालतच नाहींत असे प्रोग्रॅम आहेत. मूळ यंत्रें झिजून जातील, तबकड्या निकामी होतील. मग त्या काळच्या कृतींचा एकमेव वाचक एम्युलेटरच उरणार. दुसरें कारण अधिक निकडीचें. संशयित प्रोग्रॅम घातक आहे काय हें पाहण्यासाठीं तो आधीं एम्युलेटरच्या कोठडींत चालवून पाहतात. असले प्रोग्रॅम पुष्कळदां आपलें खरें अंग सांकेतिक लिपींत झांकून ठेवतात, आणि चालूं लागल्यावरच स्मृतींत तें उलगडतात. कोठडीचा रखवालदार जुन्या पाठाला चिकटून बसला, किंवा मूळ यंत्राहून किंचितही निराळा वागला, तर चोर त्याला ओळखतो, सभ्य गृहस्थासारखा वागतो आणि सुटून आपल्या घरांत येतो. सर्वांत वाईट हें कीं, या चुकीचा आवाज होत नाहीं. यंत्र बंद पडत नाहीं, तक्रार करीत नाहीं. २ च्या जागीं १ लिहून शांतपणें पुढें जातें.

पाठांतराची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. मुलांकडून रूपावळी घोकवून घेण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं ती करावी तरी कोणत्या तोंडानें? पाठांतरावांचून वेग नाहीं, आणि वेगावांचून हे एम्युलेटर कोणी वापरलेही नसते. प्रश्न एवढाच कीं, पाठ केलेलें टाकून केव्हां द्यावें हें कळतें कीं नाहीं. व्याकरणांतील त्या दंडकाला एक अपवाद आहे: जें कार्य वर्णावरच अवलंबून असतें, तेथें आदेशाला स्थानीसारखें मानीत नाहींत. एम्युलेटरला मात्र ही सवलत नाहीं. त्याची परीक्षा नेमकी वर्णापाशींच सुरू होते. एक बाइट, तोही आत्तांच बदललेला.