डोंगरावरचा मका: युरियाआधी चुना हवा

मका पिवळा पडला की युरिया टाका, हा सल्ला सपाटीवर बहुतेक वेळा चालून जातो. मेघालय, नागालँडच्या डोंगरउतारांवर मात्र त्याच सल्ल्याने शेतकऱ्याचा पैसा पावसासोबत दरीत जातो. असे का होते?

मातीत काय घडते?
भरपूर पावसाने या मातीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेले आहे. अनेक ठिकाणी सामू (पीएच) ५.५ च्या खाली आहे. इतक्या आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळांची वाढ खुंटते. स्फुरद मातीत अडकून पडते. नत्र दिले, तरी आखूड मुळे ते पुरेसे उचलू शकत नाहीत.

युरियाने काय बिघडते?
युरियाचे आधी अमोनियम होते, मग नायट्रेट. या दुसऱ्या टप्प्यात आम्ल तयार होते. पिकाने न उचललेले नायट्रेट पाण्यासोबत खोल झिरपते आणि उरलेसुरले कॅल्शियमही सोबत नेते. चुना न देता दरवर्षी युरिया वाढवत नेला, तर जमीन आणखी आम्लधर्मी होते.

मग उपाय काय?
पेरणीआधी सरीत चुना द्यावा. संपूर्ण शेतात टनावारी चुना पसरण्याऐवजी सरीत हेक्टरी २५० ते ५०० किलो देणे छोट्या शेतकऱ्याला परवडते.

नत्र तीन हप्त्यांत द्यावे: पेरणीवेळी, पीक गुडघ्याएवढे झाल्यावर आणि तुरा येण्याच्या सुमारास. जमिनीत ओल असताना, तण काढून, ओळीच्या बाजूला खत टाकून मातीने झाकावे. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबावे. चुना आणि युरिया एकत्र मिसळू नये. नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते.

महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला मात्र चुन्याचा हा उपाय लागू नाही.

खरा प्रश्न धोरणाचा
४५ किलो युरियाची गोणी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांना मिळते. तिच्यात नत्र असते जेमतेम २१ किलो. चुन्याला असा हमखास आधार नाही. मेघालयातील जैंतिया टेकड्यांमध्ये चुनखडीचे मोठे साठे आहेत. ती सिमेंट कारखान्यांपर्यंत पोहोचते, मग शेजारच्या शेतापर्यंत का पोहोचू नये?

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामूची नोंद असते. तो आकडा ५.५ च्या खाली असेल, तर युरियासोबत चुन्याची गोणीही सवलतीत मिळायला हवी. नाहीतर अनुदानाच्या खतानेच जमीन नापीक होत राहील.