दंगा, दंगे आणि म्यूटिनी

आपल्या दुभाषी घरांत एक गंमत असते. पोरे आरडाओरडा करू लागली, की आई मराठीत ओरडते, 'दंगा करू नका.' तीच पोरे कन्नड शाळेत १८५७ चा धडा 'सिपायी दंगे' या नावाने शिकतात. शब्दाचे कूळ एकच, पण मराठीत तो गोंधळ झाला आणि कन्नडमध्ये सत्तेविरुद्धचा उठाव. मग इंग्रजीच्या पेपरात म्यूटिनी, रिव्होल्ट, रिबेलियन आले, की मुले सगळ्यांपुढे 'बंड' लिहून मोकळी होतात.

पण हे शब्द एका मापाचे नाहीत. म्यूटिनी मुख्यतः शिपायाची किंवा खलाशाची. हुकूम पाळण्याचे ज्याने बांधून घेतले, त्याने आपल्याच वरिष्ठांविरुद्ध उठणे म्हणजे म्यूटिनी. रिव्होल्ट म्हणजे उठाव. रिबेलियन बहुधा संघटित, सशस्त्र आणि फसलेले. कारण जिंकले तर त्यालाच रिव्होल्यूशन म्हणतात. अमेरिकन वसाहतवाल्यांना इंग्लंडच्या राजाने १७७५ मध्ये बंडखोर ठरवले. पुढे ते जिंकले आणि क्रांतिकारक झाले.

आता आपल्या कित्तूरकडे पाहा. कंपनीने दत्तक नामंजूर केला. १८२४ मध्ये राणी चन्नम्मा लढली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. ही म्यूटिनी नव्हे. राणी काही कंपनीची नोकर नव्हती. रिबेलियन म्हणावे, तर आधी कंपनीचा हक्क मान्य करावा लागतो, आणि राणीचे भांडण तर त्या हक्काशीच होते. इथे शोभतो तो शब्द रेझिस्टन्स, म्हणजे प्रतिकार. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिले. कंपनीच्या लेखी तो बंडखोर. आपल्याकडे त्याच्या समाधीपुढे लोक आजही हात जोडतात.

निपाणीची गोष्ट आणखी निराळी. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर बसले. गोळीबारात काहींचे प्राण गेले. त्यांना सरकार उलथायचे नव्हते, घामाचे दाम हवे होते. मराठीत आपण त्याला आंदोलन म्हणतो. त्याच्या आदल्याच वर्षी नरगुंद-नवलगुंदला शेतकरी उठले, त्याला कन्नडमध्ये 'रैत बंडाय' म्हणतात. पण अशा वेळी कुणी 'रायट' असा शब्द वापरला, तर गोळी झाडणाऱ्याची बाजू निम्मी मांडून झालीच.

म्हणून मुलांना अर्थ पाठ करायला लावण्यापेक्षा तीन प्रश्न विचारायला शिकवा. उठणाऱ्याने समोरच्याचा अधिकार कधी मानला होता का? त्याच्या हाती शस्त्र होते का? आणि त्या घटनेला हे नाव दिले कुणी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात सापडत नाही. त्यासाठी इतिहासच उघडावा लागतो.