मध्यम लहरींना निरोपाची घाई नको
एफएम आल्यावर मध्यम लहरींचे प्रक्षेपक भंगारात काढा म्हणणारे आवाजाचा दर्जा पाहतात, पोहोच पाहत नाहीत. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर ऐकू येते, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 379 मीटर. निवेदकाच्या आवाजानुसार या लहरीचा आयाम कमीजास्त केला जातो आणि रेडिओतला साधा डायोड त्यातून आवाज पुन्हा वेगळा काढतो. इतकी लांब लहर जमिनीला बिलगून डोंगरापलीकडेही उतरते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती जवळपास सरळ रेषेत जाते, त्यामुळे सह्याद्रीच्या सोंडेआडच्या गावात नुसती खरखर उरते. रात्री तर मध्यम लहरी शोषणारा आयनांबराचा खालचा थर विरतो आणि वरच्या थरांवरून परतून त्या शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात.

मध्यम लहरींवर व्यत्यय जास्त, हा आक्षेप खराच आहे. वीज कडाडली किंवा शेजारी स्वस्तातला एलईडी दिवा लागला, तरी उपद्रव थेट आयामातच मिसळतो. प्रक्षेपकाचे वीजबिलही मोठे असते. ‘मोबाइल आहे की’, हा युक्तिवाद मात्र लंगडा. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत वीज आणि मोबाइल सेवा दोन्ही कोलमडल्या होत्या. अशा वेळी दूरचा एक शाबूत प्रक्षेपक आणि सेलवरचा रेडिओ पुरतो. गाणी खुशाल एफएमवर न्या. बातम्या आणि हवामानाचे इशारे मात्र, स्वस्त डिजिटल संच खेडोपाडी मिळेपर्यंत, मध्यम लहरींवरच राहू द्या.