दिल्लीला चालतं, हॉस्टेलला नाही

एप्रिल उजाडला की उस्मानिया विद्यापीठातल्या अखेरच्या वर्षाच्या मुलांच्या हातात पुस्तकांपेक्षा कागद जास्त दिसतात. नो ड्यूजचा फॉर्म, त्यावर लायब्ररीची सही, मेसची सही, प्रयोगशाळेची सही आणि वॉर्डन जागेवर सापडले तर त्यांचीही. प्रोजेक्ट बाइंडिंगला टाकलेला असतो. तेलंगणात गुणपत्रिकेला ‘मेमो’ म्हणतात. सगळ्या सेमिस्टरचे मेमो, टीसी, मायग्रेशन अशी गड्डी जमवण्यात दिवस जातो. रात्री कुणाच्या तरी खोलीत चहा होतो आणि चहाबरोबर रेवंत रेड्डी, केसीआर, मोदी, ओवैसी यांच्यावर तोंडसुख घेतलं जातं. नांदेड, देगलूर, आदिलाबादकडच्या पोरांच्या खोलीत तेच तोंडसुख मराठी, तेलुगू आणि दख्खनीच्या मिसळीत चालतं.

तरीही ‘हल्लीच्या पोरांना राजकारणाचं काही सोयरसुतक नाही’ हे वाक्य समारंभाच्या व्यासपीठांवरून हटत नाही. हैदराबादेत तरी त्यात तथ्य नाही. या मुलांना मतं भरपूर आहेत. ती टाकायला त्यांच्या विद्यापीठात पेटी नाही, एवढीच अडचण.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली. त्याच सुमारास, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात हिंसाचाराचं कारण देऊन विद्यार्थी संघांच्या निवडणुका बंद झाल्या. उस्मानियात त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. महाराष्ट्राने १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून टाकली. म्हणजे देशाने ज्या काळात अठरा वर्षांच्या पोराला पंतप्रधान निवडायला लायक ठरवलं, त्याच काळात राज्यांनी त्याला वर्गप्रतिनिधी निवडायला नालायक ठरवलं. ही विसंगती पस्तीस वर्षं बिनबोभाट चालली आहे.

बरं, ही मतं येतात कुठून? प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून क्वचित. बरीचशी येतात ती कार्यालयाच्या खिडकीतून. वाय. एस. राजशेखर रेड्डींच्या काळात आंध्रात फी-प्रतिपूर्तीची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलाची फी सरकार कॉलेजला देतं. मी-सेवा केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढायचा, अर्ज भरायचा, की झालं. शेतमजुराची, रिक्षावाल्याची मुलं इंजिनिअर झाली ती या योजनेमुळे, हे कबूल करायलाच हवं. पण सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत, थकबाकी साचत जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेलंगणातल्या खासगी महाविद्यालयांनी थकबाकीसाठी थेट बंद पुकारला. थकबाकी सरकारची, पण तिचा चटका बसतो अखेरच्या वर्षाच्या मुलाला. कॉलेज म्हणतं, तूर्त तू भर, सरकारचे आले की परत देऊ. तोवर मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे राहू देत. नोकरीच्या ठिकाणी रुजू व्हायची तारीख डोक्यावर असताना हे ऐकणाऱ्या मुलाला अर्थसंकल्प म्हणजे काय, ते निराळं शिकवावं लागत नाही. त्याचा राजकीय अभ्यासक्रम त्या खिडकीपाशी पुरा झालेला असतो.

दुसरा अभ्यासक्रम अशोकनगर आणि चिक्कडपल्लीत चालतो. चिक्कडपल्लीचं शहर मध्यवर्ती ग्रंथालय, भोवतीचे कोचिंग क्लास, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या हा सगळा पसारा सरकारी नोकरीच्या जाहिरातीवर जगतो. तेलंगण राज्य २ जून २०१४ ला झालं. त्याची पहिली ग्रुप-१ जाहिरात निघाली ती एप्रिल २०२२ मध्ये, ५०३ जागांसाठी. ऑक्टोबरमध्ये पूर्वपरीक्षा झाली. पेपरफुटी उघड झाली आणि मार्च २०२३ मध्ये परीक्षा रद्द झाली. जूनमध्ये पुन्हा घेतली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली. डिसेंबरमध्ये सरकार बदललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी जाहिरात निघाली, ५६३ जागांची. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली, निकाल लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने गुणवत्ता यादीच रद्द केली. खंडपीठाने त्याला स्थगिती दिली आणि महिना संपायच्या आत नियुक्तिपत्रं वाटली गेली. २०२२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी एवढ्या काळात पदवीधर होऊन बाहेर पडली. काँग्रेसने पहिल्या वर्षात दोन लाख सरकारी नोकऱ्यांचं आश्वासन दिलं होतं. राहुल गांधी नोव्हेंबर २०२३ मध्ये अशोकनगरला येऊन या उमेदवारांना भेटलेही होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच अशोकनगरात मुख्य परीक्षा पुढे ढकला म्हणून मुलं रस्त्यावर होती आणि पोलिसही.

हे ‘उदासीन’ पिढीचं चित्र आहे, असं कोण म्हणेल?

हैदराबादला हे नवं नाही. १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया हे उर्दूतून उच्च शिक्षण देणारं, निजामाच्या अभिमानाचं विद्यापीठ. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही तेच चाललं होतं. बाहेर वातावरण तापलेलंच होतं: स्टेट काँग्रेसवर जन्मायच्या आधीच बंदी आणि तिच्या सत्याग्रहींची धरपकड. सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३ नावाच्या फर्मानाखाली आधी परवानगी काढायची. विद्यापीठाने गीताला बंदी घातली, मुलांनी संप केला आणि शेकडो मुलांची नावं पटावरून उडाली. पदवीला काही महिने उरलेल्या मुलाच्या दृष्टीने ही काय शिक्षा होती, याची कल्पना करावी. घरच्यांनी जमीन गहाण ठेवून शिकायला पाठवलेलं असायचं आणि मुलगा गीतापायी वर्ष घालवून परत येणार. या मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला; कुलगुरू होते बॅरिस्टर टी. जे. केदार. त्या मुलांपैकी एक पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते पुण्याला फर्ग्युसनमध्येही शिकले आणि मराठीत असे मुरले की ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. निजामाने एक विद्यार्थी काढून टाकला, त्यात तेलुगू वाचकांचा मात्र फायदा झाला.

गश्ती निशानाची आठवण मार्च २०२५ मध्ये पुन्हा झाली. उस्मानिया विद्यापीठाने प्रशासकीय इमारतींत आणि विभागांत धरणं, घोषणाबाजी, आंदोलन यांना मनाई करणारं परिपत्रक काढलं. निजामाच्या फर्मानाशी याची बरोबरी करणं हा अतिरेक होईल. परिपत्रकाविरुद्ध आज कोर्टात जाता येतं, वर्तमानपत्रात लिहिता येतं. पण निवडणूक नाही, म्हणून प्रतिनिधी नाही. प्रतिनिधी नाही, म्हणून धरणं. आणि धरण्यालाही मनाई. मग मेसच्या जेवणाची तक्रार त्या मुलाने नेमकी कुणाच्या कानावर घालायची?

शहराच्या पश्चिमेला, गच्चीबावलीला, चित्र वेगळं आहे. हैदराबाद विद्यापीठ, म्हणजे बोलीत ‘एचसीयू’, हे मुळात आंदोलनाचंच अपत्य. १९६९ चं तेलंगण आंदोलन आणि १९७२ चं जय आंध्र आंदोलन शमवण्यासाठी सहा कलमी तोडगा निघाला, त्यातून घटनेत ३७१-ई हे कलम आलं आणि १९७४ मध्ये हे केंद्रीय विद्यापीठ उभं राहिलं. एखाद्या विद्यापीठाच्या स्थापनेसाठी घटनेत खास कलम असणं ही नवलाचीच गोष्ट. इथे विद्यार्थी संघाच्या निवडणुका होतात.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा. तेलुगू घरांत उगादी. सुट्ट्या जोडून आलेल्या. त्या दिवशी विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर बुलडोझर शिरले. ही जागा राज्य सरकारने २००० नंतरच्या दशकात एका क्रीडा कंपनीला दिली होती, तो व्यवहार २००६ मध्ये रद्द झाला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये सरकारच्या बाजूने सुटला. कागदावर जमीन सरकारची. जमिनीवर मात्र झाडं, मोर, हरणं आणि विलक्षण आकाराचे खडक. मुलांनी बुलडोझर अडवले, पोलिसांनी मुलांना उचललं. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन वृक्षतोड थांबवली. खंडपीठ न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचं होतं. शंभरेक एकरांवरची झाडं तोवर गेली होती. पुढच्या सुनावणीत तर झाडं परत लावण्याला विरोध केला तर अधिकाऱ्यांना त्याच जागी तात्पुरता तुरुंग बांधून ठेवू, इथपर्यंत न्यायालय गेलं.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही आणि या लेखाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये एचसीयूत संघाची निवडणूक झाली. राज्यात ज्यांचं सरकार, त्या काँग्रेसच्या एनएसयूआयची मतं ‘नोटा’च्याही खाली गेली. पण आंदोलनात डाव्या आणि आंबेडकरी संघटनांचा आवाज मोठा असूनही कौल त्यांनाही मिळाला नाही, जिंकली अभाविप. कुणाला हा निकाल आवडेल, कुणाला बोचेल. मुद्दा असा की निकाल लागला. झाडं तोडणाऱ्यांबद्दल मुलांना काय वाटतं आणि झाडं वाचवणाऱ्यांच्या एकूण कारभाराबद्दल काय वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मतपेटीने दाखवलं. धरण्यातून ते कधीच कळलं नसतं. घोषणा देणाऱ्यांच्या आवाजावरून बहुमत मोजायचं तर मागच्या बाकावरच्या, तोंडाला कुलूप घातलेल्या मुलाचा हिशेब राहूनच जातो.

निवडणुकांना विरोध करणाऱ्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. उस्मानियातल्या भौतिकशास्त्राच्या हुशार विद्यार्थ्याचा, जॉर्ज रेड्डीचा, १४ एप्रिल १९७२ रोजी वसतिगृहाच्या आवारात खून झाला. १९८९ मध्ये मुंबईतही कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा जीव गेला आणि महाराष्ट्रातल्या बंदीची मुळं तिथे आहेत. पक्षांचा पैसा, बाहेरचे दादा, जातीचे कळप हे सगळं खरं. पण त्यावरचा तोडगाही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी मान्य करून दिलेला आहे: खर्चाला पाच हजारांची मर्यादा, छापील पोस्टरला बंदी, हाताने रंगवलेलेच चालतील, पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येईल, वर्ग सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत मतदान. बंदी घालणाऱ्यांनी यातलं काही करून पाहिलेलं नाही. शिवाय निवडणुका नसताना उस्मानिया शांत राहिलं, असं तरी कुठे झालं? २००९ च्या डिसेंबरात वेगळ्या तेलंगणासाठी ते दिवसरात्र धगधगत होतं.

लिंगडोहच्या एका अटीबद्दल मात्र कुरकुर करायला हवी. उमेदवाराचा एकही विषय राहिलेला नसावा, असं ती म्हणते. महाराष्ट्राचा १९९४ चा कायदा तर त्याहून पुढचा, गुणवत्तेवरच प्रतिनिधी नेमणारा. या न्यायाने हैदराबादच्या सिटी कॉलेजात इंटरच्या परीक्षेत गटांगळ्या खाणारे नरहर कुरुंदकर वर्गाचे प्रतिनिधीसुद्धा झाले नसते. त्यांचे मामा नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. भाच्याचं वाचन अफाट आणि गुण बेतास बात. हाच मुलगा पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला आणि मराठवाड्याला राजकीय विचार करायला शिकवून गेला.

महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्यात थेट निवडणूक परत आणली. २०१९ मध्ये घ्यायची तयारी झाली, विधानसभा निवडणूक आडवी आली. मग कोविड आला. त्यानंतर विषय बासनातच राहिला. पदवी मिळाल्यावर मात्र मतांचा सुकाळ आहे. फॉर्म भरून नोंदणीकृत पदवीधर व्हा आणि अधिसभेसाठी मत द्या. मुंबई विद्यापीठात सप्टेंबर २०२४ मध्ये तशी निवडणूक झाली आणि दहाही जागा युवासेनेने घेतल्या. पदवीला तीन वर्षं झाली की विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव घाला. तेलंगणातही तेच, फेब्रुवारी २०२५ मध्ये मेदक-निजामाबाद-आदिलाबाद-करीमनगरच्या पदवीधरांनी मत दिलं आणि जागा भाजपकडे गेली. विद्यापीठाबद्दल बोलायचा हक्क विद्यापीठ सोडल्यावर मिळतो, अशी ही व्यवस्था.

ती बदलायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात कलम तयार आहे, लिंगडोहचे नियम तयार आहेत, हवी आहे ती ऑगस्टमधली एक तारीख. हैदराबादेत सरकारला उस्मानियासाठी तेवढंच करायचं आहे. वीसपंचवीस किलोमीटरवर एचसीयू ते करून दाखवतं. आणि तारीख ठरवताना अखेरच्या वर्षाचं वेळापत्रक पाहावं. प्लेसमेंट आणि प्रोजेक्टच्या धांदलीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये मतदान ठेवलं तर ज्याला तीन वर्षांच्या अनुभवानंतर सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तोच नो ड्यूजच्या रांगेत अडकलेला असेल.