विमान दाराशी, पण तिकीट कोणाच्या हाती?

२५ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी बंगळुरूहून आलेले विमान नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या धावपट्टीवर उतरले आणि पनवेल परिसराने अनेक वर्षे उराशी बाळगलेले एक स्वप्न साकार झाले. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या विमानतळाचे भूमिपूजन झाले होते आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांच्याच हस्ते त्याचे उद्घाटनही झाले. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर अशा दहा गावांनी आपली घरेदारे सोडली, तेव्हा कुठे ही धावपट्टी उभी राहिली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय होईल एवढी या विमानतळाची क्षमता आहे.

नवीन पनवेलच्या रहिवाशाला या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पहाटेचे विमान गाठायचे तर मध्यरात्री उठून, शीव-पनवेल महामार्गाने सहार गाठायचे, वाटेत वाहतुकीची कोंडी होऊ नये म्हणून देवाचा धावा करायचा, हा येथल्या कुटुंबांचा नित्याचा अनुभव होता. आता विमान दाराशी आले आहे. रस्त्याचे अंतर मिटले. परंतु आणखी एक अंतर उरले आहे आणि ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. आजच्या विमानप्रवासाचा खरा दरवाजा विमानतळावर नाही, तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आहे. तो ज्याला उघडता येतो त्याला प्रवास सुखाचा आणि पुष्कळदा स्वस्तही पडतो. ज्याला उघडता येत नाही त्याला मात्र दाराशी आलेले विमानही दूरच राहते. या नव्या विमानतळाच्या निमित्ताने या दुसऱ्या अंतराचा विचार व्हायला हवा.

झालेली प्रगती मान्य करू या

प्रथम श्रेय द्यायचे तेथे दिले पाहिजे. विमानाचे तिकीट ही एके काळी मूठभरांची मिरासदारी होती. दलालाच्या कार्यालयात खेटे घालायचे, कार्बनच्या प्रतींची ती लाल अक्षरांची पुस्तिका जिवापाड सांभाळायची आणि ती हरवली तर प्रवासच हरवला असे समजायचे, असा तो काळ होता. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने इंटरनेटवर तिकीट विकून आणि फुकटच्या जेवणाला फाटा देऊन स्वस्त विमानप्रवासाचा पायंडा पाडला. १ जून २००८ पासून जगभरच्या प्रमुख विमान कंपन्यांनी कागदी तिकिटे देणे बंद केले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसालाही घरबसल्या तिकिटाचे पैसे भरता येऊ लागले. त्याच वर्षी प्रवाशांच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारने ‘एअरसेवा’ हे व्यासपीठ सुरू केले. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे ‘डिजियात्रा’ सुरू झाली. चेहरा हीच ओळख मानून प्रवाशाला आत सोडणारी ही व्यवस्था पुढे पुणे आणि मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर पोहोचली.

भाडे आवाक्यात आणण्याचा प्रयत्नही झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखालील पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला निघाले, त्याच कार्यक्रमात नांदेड-हैदराबाद सेवेलाही हिरवा कंदील मिळाला. तासाभराच्या प्रवासासाठी विमानातील निम्म्या आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांपर्यंत ठेवावे, अशी ती योजना होती. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात दिसावा, ही इच्छा पंतप्रधानांनी त्या वेळी बोलून दाखवली होती. ती इच्छा हीच आपली कसोटी मानू या आणि भ्रमणध्वनीवरच्या सेवा त्या कसोटीला कितपत उतरतात ते पाहू या.

चार आण्याची कोंबडी

विमानाचे भाडे एसटीच्या भाड्यासारखे ठरलेले नसते. एकाच विमानातील आसनांची निरनिराळ्या दरांच्या गटांत विभागणी केलेली असते. स्वस्त गटातील आसने आधी संपतात आणि जसजसा दिवस जवळ येतो, मागणी वाढते, तसतसा दर चढत जातो. त्यामुळे शेजारी शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी मोजलेल्या पैशांत दुपटीचा फरक असू शकतो. ही पद्धत मुळात गैर नाही. लवकर ठरवणाऱ्याला तिचा लाभ होतो. दर उतरल्याची सूचना देणारी, निरनिराळ्या कंपन्यांचे दर एका जागी दाखवणारी ॲप या लाभाची किल्ली ठरली आहेत, हेही खरे. सणासुदीचे दिवस टाळून आणि थोडे आधी तिकीट काढणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने या किल्लीचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे.

आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीला. पडद्यावर ठळक आकड्यात दिसणारे भाडे आणि शेवटी खात्यातून जाणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही. मध्ये आसन निवडण्याचे शुल्क येते, विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली आढळते, अधिक सामानाचे, लवकर चढण्याचे, खाण्याचे पर्याय एकामागून एक पुढे येतात. त्यावर विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क असते. नवी मुंबईत आरंभीच्या तात्पुरत्या दरानुसार देशांतर्गत प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकामागे ते ६२० रुपये ठरले होते. सगळ्यात शेवटी येते ते ‘सुविधा शुल्क’. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू याच पडद्याकडे पाहून रचली असावी!

यातील सुविधा शुल्काचे कोडे तर उलगडतच नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याला बँकेकडे द्यावे लागणारे शुल्क शून्य झाले. तरीही यूपीआयने पैसे भरणाऱ्याकडून अनेक ठिकाणी हे शुल्क घेतले जाते. पूर्वी कंपनीचा कारकून तिकीट लिहीत असे. आता नाव, वय, तारीख प्रवासी स्वतः भरतो, आसन स्वतः निवडतो, बोर्डिंग पास स्वतः काढतो. प्रवासी स्वतःच कारकून झाला आणि वर कारकुनीचे शुल्कही त्यानेच भरले! मग सुविधा नेमकी कोणाची झाली?

कायदा या बाबतीत गप्प नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून ग्राहकाला पडद्यावर फसवणाऱ्या तेरा युक्त्यांना मनाई केली. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, ग्राहकाने न मागितलेली वस्तू खरेदीत घुसडणे, ‘आता दोनच आसने शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, विमा नाकारणाऱ्याला लाजवणारी वाक्ये वापरणे, या साऱ्यांचा त्यात समावेश आहे. नियम चांगला आहे. पण ग्राहकाला तो ठाऊकच नसेल, तर तो कागदावरच राहणार.

डिसेंबर २०२५ मध्ये याचा दाहक अनुभव देशाने घेतला. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम पाळण्याची पूर्वतयारी अपुरी पडल्याने इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि उरलेल्या विमानांचे दर पाहता पाहता गगनाला भिडले. अखेर ६ डिसेंबर रोजी सरकारला हस्तक्षेप करून भाड्याची कमाल मर्यादा ठरवावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, तर दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरासाठी अठरा हजार रुपये. लग्नाला, परीक्षेला, अंत्यदर्शनाला निघालेली माणसे त्या दिवसांत हातातला फोन पाहत विमानतळावर तिष्ठत होती. तिकीट रद्द झाल्याची सूचना फोनने क्षणात दिली, पण पुढे काय करायचे हे सांगणारा माणूस मात्र खिडकीवर शोधावा लागला. यंत्र चालते तोवरच यंत्राची सोय असते. ते अडखळले की माणूसच लागतो, हा त्या आठवड्याचा धडा आहे.

खिडकी बंद होता कामा नये

नवीन पनवेलमधील कोणत्याही गृहसंकुलात डोकावा. मुलगा बंगळुरूला, मुलगी दुबईला आणि घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील, हे चित्र घरोघरी दिसते. तिकीट मुलगा तिकडून काढतो, फोनवर पाठवतो. पण वेब चेक-इनचा संदेश इंग्रजीत येतो, सांकेतिक क्रमांक विचारला जातो, पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत आणि मग शेजारच्या मुलाला हाक मारली जाते. ज्या दहा गावांच्या जमिनीवर हा विमानतळ उभा आहे, तेथील वडीलधाऱ्यांची अडचण याहून वेगळी नाही. साडेबावीस टक्के विकसित भूखंडाच्या हिशेबात पिढी गेली. आता निदान त्या जमिनीवरून उडणाऱ्या विमानात बसताना तरी त्यांना परकेपणा वाटू नये.

अशा प्रवाशांसाठी एक महत्त्वाचा आदेश आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. विमानतळावरील खिडकीवर बोर्डिंग पास मागणाऱ्याकडून दोनशे रुपये घेण्याची प्रथा काही कंपन्यांनी पाडली होती. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये असे वेगळे शुल्क नियमाला धरून नसल्याचे स्पष्ट केले आणि ते न घेण्यास कंपन्यांना बजावले. म्हणजे ज्याच्याकडे साधा फोन आहे, किंवा फोनच नाही, त्याला त्याबद्दल दंड होऊ शकत नाही.

डिजियात्रेचेही तसेच. ती ऐच्छिक आहे. प्रवाशाची माहिती त्याच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाच्या यंत्रणेतून ती उड्डाणानंतर चोवीस तासांत पुसली जाते, अशी तिची रचना असल्याचे सांगितले जाते. तरीही २०२४ च्या प्रारंभी, पूर्ण कल्पना न देता प्रवेशद्वारावर चेहऱ्याची नोंद केली गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. आपल्याच देशात उभारलेल्या या व्यवस्थेचा अभिमान जरूर बाळगावा. पण संमती विचारूनच घ्यायची असते, हे दारावरच्या कर्मचाऱ्याच्या अंगवळणी पडले पाहिजे.

भाषेचा प्रश्न याच ठिकाणी येतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी टेलिफोनला ‘दूरध्वनी’ म्हणायला शिकवले, त्यातूनच पुढे ‘भ्रमणध्वनी’ आला. यंत्राचे मराठीत बारसे झाले, परंतु यंत्रातून होणारा व्यवहार मराठीत आला नाही. रायगड जिल्ह्यातल्या विमानतळावरून कोल्हापूरच्या माणसाला कोचीला जायचे असेल, तर तिकीट रद्द करण्याच्या अटी त्याला त्याच्या भाषेत वाचता यायला नकोत का? पैशांचा करार ज्या भाषेत होतो ती भाषा ग्राहकाला कळली पाहिजे. हा भावनेचा मुद्दा नसून रोकड्या व्यवहाराचा आहे.

कंपन्यांचे म्हणणे असे की, खिडक्या आणि माणसे कमी झाली म्हणूनच भाडे उतरले. त्यात तथ्य आहे. माणूसबळावरचा खर्च वाचला नसता, तर स्वस्त विमानप्रवास भारतात रुजलाच नसता. म्हणून सगळ्या खिडक्या पुन्हा उघडा, असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की, पहिल्याच पडद्यावर सर्व करांसह पूर्ण रक्कम दिसावी, न मागितलेल्या गोष्टींवर आधीच खूण नसावी, तिकिटाच्या अटी मराठीतून उपलब्ध व्हाव्यात आणि प्रत्येक कंपनीची निदान एक तरी खिडकी, दर्शनी मराठी फलकासह, फोन न वापरणाऱ्यांसाठी उघडी असावी.

समाजाने उचलायचा वाटा

सारे सरकारवर सोपवून मोकळे होणे ही आपली रीत नव्हे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाही झालेला नव्हता. जागरूक समाजामागून कायदा आला. आजही तेच करावे लागेल. नवीन पनवेल आणि खांदा वसाहतीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, ग्रंथालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ तेथील तरुणांनी वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवावी. तिकिटाची एकूण रक्कम कशी ताडून पाहायची, नको असलेली खूण कशी काढायची, सांकेतिक क्रमांक कोणालाही का सांगायचा नाही, तक्रार एअरसेवेवर किंवा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर कशी नोंदवायची, एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले. आजोबांचे तिकीट नातवाने काढून देणे चांगलेच, पण आजोबांना ते काढता यावे हे अधिक चांगले.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी विकासाचे माप रांगेतल्या शेवटच्या माणसावरून घ्यायला सांगितले. विमानतळावरच्या रांगेलाही ते लागू आहे. चेहरा दाखवून क्षणार्धात पुढे जाणाऱ्या तरुणाचे कौतुक जरूर करावे. परंतु त्याच रांगेत छापील तिकीट हातात धरून उभ्या असलेल्या, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या उलव्याच्या आजीला तितक्याच पैशांत आणि तितक्याच सन्मानाने आत जाता आले, तरच हा विमानतळ खऱ्या अर्थाने आपला झाला असे म्हणता येईल.