मराठीच्या जागीं माहिती-तंत्रज्ञान

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत अहमदपूर येथील आमच्या घरीं एका अर्जावरून चार दिवस वाद चालला होता. धाकटा नातू दहावी उत्तीर्ण होऊन अकरावीच्या शास्त्रशाखेंत जावयाचा होता. इंग्रजी विषय सक्तीचा होता. दुसऱ्या भाषेच्या रकान्यांत मात्र मराठी घ्यावी, अथवा तिच्याऐवजीं ‘माहिती-तंत्रज्ञान’ हा विषय घ्यावा, अशी मुभा होती. नातवानें लेखणी हातांत धरून विचारलें, “आजोबा, मराठी सोडूं ना?”

ज्या मनुष्यानें सारा जन्म मुलांना मराठीचे व संस्कृताचे पाठ देण्यांत घालविला, त्याला हा प्रश्न त्याच्याच ओसरीवर विचारला जावा, यांतील गंमत वाचकांच्या ध्यानांत येईलच. मीं साफ नकार दिला. चिरंजीव म्हणाले, “दादा, लातूर आपल्या उशाशीं आहे. सारीं मुलें वैद्यकी आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांच्या मागें लागलेलीं. निबंध लिहावयास वेळ कोणाला आहे? या विषयाची ऐंशी गुणांची परीक्षा संगणकावरच होते, वीस गुण प्रात्यक्षिकाचे. गुण चांगले पडतात.” मुलाच्या विद्येचा हिशेब असा गुणांनीं मांडलेला ऐकून मला अधिकच राग आला. शेवटीं सूनबाईंनीं तोड काढली. त्या म्हणाल्या, “मामंजी, निदान त्या विषयाचें पुस्तक तरी एकदां पाहा, आणि मग काय तें ठरवा.”

माझी अकरावी म्हणजे जुनी मॅट्रिक. तेथेंच माझें शालेय शिक्षण संपलें. परंतु न वाचतां पुस्तकाची निंदा करणें शिक्षकाला शोभत नाहीं. थोरल्या नातवाचीं अकरावी-बारावीचीं दोन्हीं पुस्तकें घरांत होतींच. तीं घेऊन धाकट्यासह बसलों. माहितीचे तक्ते कसे रचावे, संकेतस्थळाचें पान कसें लिहावें, सायबर कायदा म्हणजे काय, हें अकरावींत. आणि त्या पानाला रूप कसें द्यावें, जावास्क्रिप्ट व पीएचपी या भाषांत यंत्राला आज्ञा कशा कराव्या, हें बारावींत.

पानाचें रूप ठरविण्यासाठीं ‘सीएसएस’ नांवाचे नियम लिहितात. नातू भावाकडून शिकलेलें मला समजावूं लागला : “समजा, सगळ्या परिच्छेदांचीं अक्षरें काळीं, असा एक नियम केला, आणि अमुक एका परिच्छेदाचीं तांबडीं, असा दुसरा केला, तर त्या परिच्छेदापुरता दुसराच चालतो, कारण तो विशेष आहे.” मी म्हणालों, “अरे, हे तर उत्सर्ग आणि अपवाद!” तो पुढें सांगूं लागला, “आणि दोन्ही नियम सारख्याच योग्यतेचे असले, तर जो नंतर लिहिला असेल तो लागू होतो.” मी चकित झालों. तुल्यबल नियमांत विरोध आला असतां पुढील नियमाचें कार्य करावें, हें पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत सांगून ठेविलें आहे. लहानपणीं तें सूत्र मीं घोकलें होतें. सोळा वर्षांच्या मुलाच्या गृहपाठांत तें पुन्हा भेटेल, असें कधीं स्वप्नांतही आलें नव्हतें.

हा केवळ म्हाताऱ्याचा भ्रम नव्हे. १९६७ सालीं पी. झेड. इंगरमन या संगणकतज्ज्ञानें अमेरिकेंतील एका शास्त्रीय नियतकालिकास पत्र लिहून, संगणकभाषांचें व्याकरण मांडण्याच्या बॅकस-पद्धतीला पाणिनीचेंही नांव जोडावें, अशी सूचना केली होती. मात्र एवढ्यावरून संगणक आमच्याच पूर्वजांनीं केला, अशी बढाई मारूं नये. पाणिनीनें यंत्र केलें नाहीं. नियम थोडक्यांत आणि निःसंदिग्धपणें कसे लिहावे, हें त्यानें सुमारें चार हजार सूत्रांत दाखविलें. तीच शिस्त हा विषय मुलांना लावीत असेल, तर त्याचा द्वेष मीं कोणत्या तोंडानें करावा? मीं हार मानली. अर्जांत माहिती-तंत्रज्ञान लिहिलें गेलें.

गोष्ट येथेंच संपली असती, तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. यंदा चैत्रांत आमच्या वडिलार्जित जमिनीचा सातबारा पाहण्याचा प्रसंग आला. पूर्वीं त्यासाठीं तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. नातवानें पांच मिनिटांत उतारा संगणकावर काढून दिला. मला धन्यता वाटली. “आतां वाचून दाखव,” मी म्हणालों. ‘पोटखराब’ या शब्दाशीं तो अडखळला. म्हणाला, “आजोबा, हें कोणाचें पोट?” सारें घर हंसलें, मीही हंसलों. पण पुढें ‘फेरफार’ आला, ‘इतर हक्क’ आले, ‘बोजा’ आला, आणि माझें हंसणें मावळलें. शेतांतील लागवडीस अयोग्य तो पोटखराब, आणि जमिनीवरील कर्जाची नोंद तो बोजा, हें त्याला ठाऊक नव्हतें. उद्यां ही जमीन ज्याच्या नांवावर चढावयाची, त्याला तिचा कागद मिळवितां आला. वाचतां मात्र आला नाहीं.

त्या रात्रीं मला माझ्या वडिलांची आठवण झाली. निजामी राजवटींत त्यांचें माध्यमिक शिक्षण उर्दूंत झालें. हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ सालीं उर्दू माध्यमानेंच निघालें. त्या काळीं आमच्या घरांत मराठी टिकली ती आजीच्या ओव्यांत, कीर्तनांत आणि घरच्या पत्रव्यवहारांत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली, आणि मराठीला तिची जागा मिळाली. वडिलांच्या पिढीपुढें निवड नव्हती. आमच्यापुढें ती आहे, आणि आम्हीं ती गुणांकडे पाहून करतों. राज्याच्या २०२० सालच्या कायद्यानें दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु अकरावीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा ऐच्छिक होते.

यांत नव्या विषयाचा दोष नाहीं. भाषा आणि यंत्रविद्या यांना एकाच रकान्यांत समोरासमोर उभें केलें, हा खरा दोष. तो रकाना बदलणें माझ्या हातीं नाहीं. घर माझ्या हातीं आहे. म्हणून आम्हीं एक करार केला आहे. दर रविवारीं दुपारीं नातू एक खराखुरा मराठी कागद वाचतो—कधीं सातबारा, कधीं विम्याचा करार, कधीं पणजोबांचें जुनें पत्र—आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत एक पानभर लिहून काढतो. मोबदला म्हणून तो मला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवितो. त्यांत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें उजव्या हाताला आहेत. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर नांदतात. रचना पाहून माझ्यांतील जुना वैयाकरण संतुष्ट झाला. बोटें मात्र अजून ऐकत नाहींत.

यंदा तो बारावींत आहे. त्याच्या पुस्तकांतील सीएसएसचा धडा आम्हीं दोघांनीं मिळून पुरा केला. परवां त्यानें आपण होऊन विचारलें, “आजोबा, ‘बोजा’ उतरला म्हणजे तशी नोंद कोणत्या रकान्यांत होते?” मला वाटतें, करार निष्फळ गेला नाहीं.

ज्या घरीं यंदा हा अर्ज भरावयाचा असेल, त्यांनीं मुलाच्या पुढील शिक्षणास योग्य तो विषय खुशाल निवडावा. जो विषय रकान्याबाहेर राहील, त्याची शाळा मात्र आठवड्यांतून एक दुपार ओसरीवर भरवावी. घरांत आजोबा किंवा आजी असतील, तर शिक्षक शोधावयास दूर जावें लागणार नाहीं.