लेकीच्या गावी, सातासमुद्रापार

शिरोळहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. लेक-जावई लंडनजवळ राहतात आणि “आई, यंदा उन्हाळ्यात दोन महिने ये” म्हणून मागे लागले आहेत. यजमानांना ऊस आणि म्हशी सोडून हलता येत नाही. बाईंचं वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवीपर्यंत आणि मुंबईच्या पलीकडे प्रवास झालेला नाही. त्या विचारतात, “एकटीनं जावं का? जायचं तर तयारी कुठून सुरू करू? घरी विचारलं तर सगळे म्हणतात, तू नुसती बॅग भर, बाकीचं आम्ही बघतो.”

जरूर जा, हे माझं पहिलं उत्तर. दुसरं असं की बॅग भराच, पण बाकीचंही तुम्हीच बघा. मुलगा अर्ज भरून देईल, जावई तिकीट काढतील, पण लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्यासमोर तुम्ही एकट्याच उभ्या असाल. आपल्या कागदांत काय लिहिलंय, हे आपल्याला ठाऊक असेल तर निम्मी भीती तिथंच जाते.

आधी महिना ठरवा

पुष्कळजणी आधी तिकिटाचा विचार करतात. मी म्हणेन, आधी घराचं पंचांग काढा. ब्रिटनमध्ये मे ते सप्टेंबर हा हिंडण्याफिरण्याचा काळ. जूनच्या शेवटी लंडनला रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात मात्र दुपारी चारलाच दिवेलागण होते, आणि आपल्याकडच्या बाईला त्या अंधाराचाच कंटाळा येतो. जुलैअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत तिकडच्या शाळांना सुट्टी असते. तेव्हा तिकिटंही महाग आणि गर्दीही फार.

शिरोळकरांचा हिशेब याहून वेगळा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोण विसरेल? कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढू लागलं की जनावरं कुठं न्यायची, धान्य माळ्यावर कसं चढवायचं, हे घरच्या बाईलाच ठाऊक असतं. म्हणून मेच्या मध्याला निघा आणि जूनअखेर परत या. म्हणजे तिकडचा उजेडही मिळेल आणि पावसाळ्यात जीव घराकडे ओढणार नाही. पाहुण्याच्या व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. पण राहता येतं म्हणून राहायचंच असं नाही. सहा-सात आठवडे लेकीलाही गोड आणि आईलाही.

मेमध्ये निघायचं तर सुरुवात दिवाळीनंतर लगेच करा. नोव्हेंबरात पासपोर्ट, जानेवारी-फेब्रुवारीत कागदपत्रं आणि त्यांची भाषांतरं, मार्चमध्ये व्हिसाचा अर्ज. हा अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही. बोटांचे ठसे दिल्यानंतर निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटाचे पैसे अडकवू नका.

कागद तुमच्या नावाचे

आपल्या बायकांची खरी अडचण नावात असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेत नुसतंच “सौ.” आणि पुढे यजमानांचं नाव! पासपोर्टच्या अर्जाआधी आधार, पॅन आणि बँकेचं पुस्तक एकापुढे एक ठेवा आणि नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वेगळं असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. व्हिसा आणि तिकीट यांवर पासपोर्टवरचंच नाव हवं. लग्नाची नोंद कधी केलीच नसेल, तर तीही आता करून घ्या. पासपोर्टसाठी पुण्याला जायलाच हवं असं नाही. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. व्हिसाचे ठसे आणि फोटो द्यायला मात्र पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल.

त्या आठवड्यात बोटांना मेंदी लावू नका. विळीनं कापलेलं असेल तर ते भरू द्या. ठसे नीट उठले नाहीत तर फेरी फुकट जाते.

दुसरी गोष्ट भाषेची. सातबारा, लग्नाचा दाखला, कारखान्याचं ऊसबिल हे आपले सगळे कागद मराठीत. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रत्येक मराठी कागदाबरोबर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर बरोबर आहे असं भाषांतर करणाऱ्यानं लिहून द्यायचं, आणि त्याखाली तारीख, पूर्ण नाव, सही आणि पत्ता-फोन घालायचा. ओळखीच्या कुणाकडून घाईत चार ओळी लिहून घेतल्या तर त्या कागदाचा उपयोग होत नाही.

पैसे कुठले, ते सांगता यायला हवं

खर्च लेक करणार असली तरी चालतं. मात्र ती तुमची लेक आहे याचा पुरावा, तिचं पत्र, तिच्या पगाराचे आणि बँकेचे कागद अर्जासोबत लागतात. यजमानांच्या खात्याचे कागदही जोडता येतात. तरीही मी आग्रहानं सांगते, तुमच्या एकटीच्या नावावर एक खातं असू द्या. दुधाचे पैसे, शिवणाचे पैसे, भिशीचे पैसे त्यात दरमहा पडू द्या. सहा महिन्यांची अशी साधी, नियमित नोंद कागदावर चांगली दिसते. प्रवास झाल्यावरही ते खातं तुमचंच राहतं.

अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम आली की अधिकाऱ्याला शंका येते. शेतकऱ्याच्या घरी तर पैसा एकदमच येतो! उसाचं बिल जमा झालं असेल तर त्या तारखेची कारखान्याची पावती भाषांतरासह जोडा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही. “आठ दिवसांसाठी चार लाख खात्यात ठेवू, मग काढून घेऊ” असं सांगणारे दलाल भेटतात. त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नका. अर्जात खोटेपणा आढळला तर दहा वर्षं ब्रिटनचा दरवाजा बंद होऊ शकतो, आणि तिथं नाव दलालाचं नसतं, तुमचं असतं.

परत का येणार, हेही अर्जात कळलं पाहिजे. घर, शेती, यजमान, म्हातारी सासू हीच आपली बांधणारी दोरी. आणि कशाला जाता, तर लेकीला भेटायला आणि देश पाहायला. जे खरं आहे तेच लिहा. पाहुणी म्हणून गेलेल्या आजीनं थोडे दिवस नातवंडं सांभाळली तर हरकत नसते. मात्र बाई ठेवायच्या ऐवजी आईला बोलावलं, असं होता कामा नये. कायद्याला ते चालत नाही, आणि लेकींनो, मनालाही चालू नये. आई सुट्टीवर येते आहे, एवढं लक्षात असू द्या.

बॅगेत वाडीचे पेढे नकोत

आता तुमच्या आवडीचा विषय. लेकीसाठी नृसिंहवाडीचे पेढे आणि बासुंदी न्यावीशी वाटणारच. पण दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, लोणी, तूप, पनीर सगळं घरीच ठेवा. मांसाचा कुठलाही पदार्थ, अगदी सुकं मटण किंवा मटणाचं लोणचंही, चालत नाही. बटाटेही नकोत. ताज्या पालेभाज्यांना सरकारी रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि बॅगेत दोन हापूस दडवण्याचा मोहही टाळा. २०१४ मध्ये युरोपीय संघानं आपल्या हापूसवर काही महिने बंदीच घातली होती, तीही फळांतल्या किडीमुळे. तेव्हा ब्रिटन त्या संघात होता. तपासणीत माल सापडला की तो काढून घेतात, आणि पाहुणीची सुरुवातच खाली मान घालून होते.

मग न्यायचं काय? कांदा-लसूण मसाला, तिळाची आणि जवसाची चटणी, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, पापड, तेलातलं लोणचं आणि आपल्या जयसिंगपूरचं भडंग. पदार्थ बंद पाकिटात असावा आणि वर नाव लिहिलेलं असावं. लोणचं सामानाच्या मोठ्या बॅगेत घाला. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली जाऊ देत नाहीत. वाडीचा प्रसाद म्हणून अंगारा न्या, दत्तमहाराज रागावणार नाहीत. डाळ, तांदूळ, पोहे मुळीच नेऊ नका. वेम्बली, साऊथहॉल, लेस्टरच्या दुकानांत सगळं मिळतं.

मेमध्येही संध्याकाळी गारवा असतो आणि पाऊस केव्हाही येतो. एक स्वेटर, एक हलका रेनकोट आणि मोजे घालता येतील असे बूट घ्या. तिथल्या विजेच्या खाचा तीन चौकोनी पिनांच्या असतात. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे पिन जोडायचा एक अडॅप्टर पुरे. दागिने कमीत कमी न्या. जास्त न्यायचेच असतील तर जाताना विमानतळावर कस्टमकडून दाखला करून घ्या, म्हणजे परत येताना “हे कुठं घेतलं?” हा प्रश्न उरत नाही.

प्रकृती आणि विमा

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. तिथली रोजनिशी त्यांनी लिहून ठेवली आणि ती पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. पण परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच वारले. वय अवघं वीस वर्षांचं. त्यांची छत्री आजही त्या गावात नदीकाठी आहे. परमुलखातलं दुखणं राजालाही चुकत नाही, म्हणून हे सांगितलं.

आपल्याला एक सोय आहे, ती म्हणजे प्रवासाचा विमा. ब्रिटनमध्ये अपघात विभागात पहिला उपचार पाहुण्यालाही फुकट मिळतो. पण इस्पितळात दाखल करून घेतलं की इंग्लंडमध्ये पाहुण्याला मूळ खर्चाच्या दीडपट बिल येऊ शकतं. ते बिल लेकीच्या संसारावर पडू नये म्हणून विमा उतरवा. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनं ऑपरेशन काहीही लपवू नका. लपवलेल्या दुखण्याचे पैसे विमा कंपनी देत नाही. सगळ्या दिवसांना पुरतील एवढ्या गोळ्या, वर आठवडाभराच्या जास्त, मूळ पाकिटातच न्या आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्या. झोपेच्या किंवा जबर दुखण्यावरच्या गोळ्या असतील तर ही चिठ्ठी हवीच. तातडीला ९९९ आणि साध्या विचारपूशीला १११ हे दोन आकडे पाठ करा.

एकटीनं जाताना

मिरजेहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी मुंबई गाठता येते. मात्र त्याच दिवसाचं विमान धरू नका, एक दिवस हाताशी ठेवा. तिकीट काढतानाच विमान कंपनीला चाकाच्या खुर्चीची मदत मागा. तिला वेगळे पैसे पडत नाहीत आणि माणूस शेवटच्या दारापर्यंत सोबत करतो. एवढ्या मोठ्या विमानतळावर चालणं आणि पाट्या वाचणं नव्या माणसाला जड जातं, तेव्हा त्यात लाज कसली?

लेकीचा पत्ता आणि फोन इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टसोबत ठेवा. अधिकारी तीनच गोष्टी विचारण्याचा संभव जास्त: कशाला आलात, कुठं राहणार, कधी परतणार. ही तीन उत्तरं इंग्रजीत म्हणून पाहा, रोज भाकऱ्या थापताना म्हणा! विसरलात तर “मराठी” एवढंच सांगा आणि दुभाषी मागा. घाबरून प्रत्येक प्रश्नाला “येस” म्हणणं मात्र सगळ्यांत वाईट.

तिथं पोचल्यावर घड्याळ साडेचार तास मागे घ्या. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी लेकीकडून ऑयस्टर कार्ड घ्या आणि एक बस एकटीनं चढून-उतरून पाहा. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम फुकट पाहता येतात. किंग हेन्रीज रोडवरचं, डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र सरकारनं घेऊन स्मारक केलं आहे, तेही चुकवू नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. तिथं मराठी बोलायला माणसं भेटतील. गावाबाहेर रेल्वेनं जायचं तर तिकीट बरंच आधी काढलेलं स्वस्त पडतं. ज्यांची साठी उलटली आहे त्यांना ज्येष्ठांचं रेल्वे कार्ड घेतलं की बहुतेक तिकिटांत तिसरा हिस्सा सूट मिळते.

आणि निघण्याआधी यजमानांना आमटी-भात तरी शिकवून ठेवा. म्हशीची धार काढणाऱ्या माणसाला कुकर लावणं काही अवघड नाही.

ता. क. व्हिसाची फी आणि नियम बदलत असतात. अर्ज भरण्याच्या दिवशी मुलाला ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा. सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्या.